1968 सीसीचा हिशेब

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात चौथ्या पिढीची स्कोडा सुपर्ब दिसली आणि गाडीवेड्यांचा जुना खेळ पुन्हा मांडला गेला. इंजिन कोणतं आणि किंमत किती? खेळ तोच, पण हातात पानं फार थोडी उरली होती. आधीच्या वर्षी, एप्रिलमध्ये, हे नाव भारतात परतलं तेव्हा गाडी परदेशातून तयार होऊन आली. इंजिन एकच, किंमत 54 लाख आणि गाड्या मोजून शंभर.

छत्रपती संभाजीनगरात हा आकडा जरा जास्तच झोंबला. कारण ही गाडी या गावची होती.

सुरुवातीच्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. 2001 मध्ये शहराजवळच्या शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यातून ऑक्टाव्हिया बाहेर पडली, 2004 मध्ये पहिली सुपर्ब आली. दारात छत्री खोचलेली गाडी म्हणून लोकांनी तिचं कौतुक केलं आणि मर्सिडीजची वाट पाहत बसले. ऑक्टोबर 2010 मध्ये तर याच शहराने एका दमात सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या, जवळपास 65 कोटींच्या. कारखाना एकीचा आणि वरात दुसरीची!

खरी गंमत 2009 ते 2019 या दशकात होती. दुसरी सुपर्ब आली ती 1.8 लिटर टर्बो पेट्रोल आणि चारही चाकांना ताकद देणारं 3.6 लिटरचं व्ही-सिक्स घेऊन. मागोमाग 2 लिटरचं डिझेल आलं. मागच्या सीटवर पाय पसरून बसता येई. डिकीचं झाकण हवं तर एकटं उघडायचं, हवं तर मागच्या काचेसकट. नवं मॉडेल येणार म्हटलं की जालना रोडवर नक्षीदार वेष्टनात फिरणाऱ्या गाडीचे फोटो काढायचे, सायलेन्सरच्या नळ्या मोजायच्या आणि पैजा लावायच्या.

त्या पैजांना बूड होतं. किमतीचा अंदाज म्हणजे हवेतली पतंगबाजी नव्हती, ती चक्क बेरीज होती. जून 2008 पासून मोठ्या गाड्यांवर अबकारी कराखेरीज जादा ठोक रक्कम लागली: 2000 सीसीच्या आत 15 हजार, पुढे 20 हजार. 2011 च्या अर्थसंकल्पानंतर इंजिन किंवा गिअरबॉक्स आधीच जुळवून आणला तर सुट्या भागांच्या संचावर 10 ऐवजी 30 टक्के आयात शुल्क. म्हणजे कोणता नट कुठे आवळला यावर किंमत हलायची. मे 2012 मध्ये पेट्रोल एका फटक्यात सुमारे साडेसात रुपयांनी महागलं, डिझेल मात्र अजून सरकारच्या छत्राखाली होतं. त्या काळात कोणाची पैज कुठे लागली असेल हे सांगायला नको.

ऑक्टोबर 2014 मध्ये ते छत्र गेलं. वर्षभरात, स्कोडा ज्या फोक्सवॅगन समूहात मोडते त्याचाच डिझेल उत्सर्जनाचा घोटाळा जगभर गाजला. पाठोपाठ 16 डिसेंबर 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात 2000 सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. मर्सिडीजचं 2143 सीसीचं इंजिन त्यात सापडलं. फेब्रुवारी 2016 मध्ये तिसरी सुपर्ब बाजारात आली ती 22 लाख 68 हजारांपासून, आणि तिचं डिझेल होतं 1968 सीसीचं. अवघ्या 32 सीसींनी सुटका!

पैजांच्या हिशेबातली आणखी एक गोष्ट इथेच सांगितलेली बरी. त्याच गाडीचं 1.8 पेट्रोल हाताने गिअर टाकायच्या गाडीत 320 न्यूटन-मीटर टॉर्क देई, तर जास्त पैसे मोजून घेतलेल्या सात गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये 250. कारण त्या कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सची झेपच तेवढी होती. याच जातीच्या गिअरबॉक्सपायी समूहाला 2013 मध्ये चीनमध्ये 3 लाख 84 हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. माहितीपत्रकात दोन्ही आकडे शेजारी-शेजारी असत. वाचायचे कोण? पैजा लावणारे.

मग एकेक पान गळत गेलं. एप्रिल 2020 पासून उत्सर्जनाचे बीएस-6 नियम आले आणि सुपर्बचं डिझेल संपलं. मे महिन्यात नवी सुपर्ब आली, एकाच 190 अश्वशक्तीच्या पेट्रोल इंजिनाची, 29 लाख 99 हजारांपासून. 2023 मध्ये उत्सर्जनाचे नियम आणखी कडक झाले आणि शेंद्र्यात ती बनणंच थांबलं. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी आणि उपकर मिळून 48 टक्क्यांचा बोजा 40 वर आला, तेव्हा त्याला अडीच वर्षं होत आली होती.

सुट्या भागांची ती जुनी बेरीज आता न्यायालयात पोचली आहे. सप्टेंबर 2024 मध्ये सीमाशुल्क खात्याने स्कोडा-फोक्सवॅगनच्या भारतीय कंपनीला 1.4 अब्ज डॉलरची नोटीस धाडली: तुम्ही आख्ख्या गाड्यांचे संच सुटे भाग म्हणून दाखवून कमी शुल्क भरलंत. कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली.

शेंद्र्याचा कारखाना मात्र बंद पडलेला नाही. तिथे ऑडी जुळते. एप्रिल 2025 मध्ये 46 लाख 89 हजारांपासून विक्रीला आलेली नवी कोडियाकही तिथेच जुळते, 2 लिटरचं पेट्रोल इंजिन घेऊन. उंच गाडीसाठी जोडणीची ओळ चालू आणि बुटक्या, लांब सेडानसाठी जहाजाचं भाडं. ऑक्टोबर 2025 मध्ये ऑक्टाव्हिया आरएस अशीच तयार आली, 49 लाख 99 हजारांना. गाड्या पुन्हा शंभरच, आणि त्या लगेच संपल्याही.

चौथ्या सुपर्बवर पैज लावायची तर आता शुल्काचा एकच रकाना भरायचा, कारण ती स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाहून येणार, दारातल्या छत्रीसकट.