काटा शून्यावर आहे ना?

दिवाळी जवळ आली किंवा घरात लग्न निघाले, की आपल्याकडे पुण्याची वारी ठरलेलीच. सासवड, भोर, फलटण, बारामती, कुठूनही पहाटेची एसटी धरायची, स्वारगेटला उतरायचे, मंडई, तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता पालथा घालायचा आणि रात्री पिशव्या मांडीवर घेऊन परतायचे. वर्षभराच्या घामाचा पैसा एका दिवसात मोकळा होतो. व्हायलाच हवा, त्यासाठीच तर कमावला. पण तो कोणाच्या मापाने मोकळा होतो, तेवढे पाहावे म्हणून हा लेखप्रपंच.

मंडईपासूनच सुरुवात करू. १८८६ साली उभी राहिलेली ही दगडी इमारत आधी रे साहेबाच्या नावाने ओळखली जाई. आज तिला महात्मा फुले यांचे नाव आहे. गंमत अशी, की नगरपालिकेत असताना जोतीरावांनी या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे. असो. त्या मंडईत पूर्वी लोखंडी वजने आणि तराजू असायचे. दांडी कुठे झुकते ते आपल्याला दिसायचे, आणि "अहो, जरा धरा की नीट" असे म्हणताही यायचे. आता बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक काटा आला. त्याचे लाल आकडे लखलखले की आपली बोलती बंद होते. यंत्र कधी खोटे बोलेल का, असे आपण धरून चालतो.

यंत्र खोटे बोलत नाही, हे खरे. पण ज्याला शून्य म्हणायला शिकवावे त्याला ते शून्य म्हणते. म्हणून माल ठेवण्याआधी रिकाम्या काट्याकडे नजर टाका. तिथे शून्य दिसले पाहिजे. मागे पुण्यातच एका किराणा दुकानात रिकाम्या काट्यावर मला ४० ग्रॅम दिसले. विचारले, तर मालक म्हणाले, "काका, काटा जुना झालाय हो." काटा जुना असेलही, पण त्याची चूक नेमकी मालकाच्याच बाजूने होत होती! चाळीस ग्रॅम म्हणजे काय मोठे, असे म्हणू नका. किलोकिलोने पंचवीस वेळा माल घेतला की एक अख्खा किलो त्यांच्या घरात राहतो.

इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी सरकारी वैधमापन विभागाकडून तपासणी करून घ्यावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र दुकानात दर्शनी जागी लावावे लागते. ते मागून पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे. बंद पाकिटातल्या मालावर वजन, तारीख आणि सर्व करांसह किंमत छापलेली असते. त्या किमतीपेक्षा एक रुपयाही जादा देऊ नका, मग दुकानदार थंड करण्याचा खर्च सांगो की आणखी काही.

आता थोडे कडू बोलतो. काट्याची लबाडी फक्त शहरातच होते, असे नाही. गोणीच्या तोंडाला मोठा कांदा आणि तळाला गोळी, हा प्रकार आपल्यातले काही जण करतातच ना? गिऱ्हाईक पुण्यात गोणी उलटी करते, तेव्हा आपल्या सगळ्या गावाचे नाव खराब होते, आणि पुढच्या खेपेला चांगल्या मालालाही भाव कमी मिळतो.

तुळशीबागेतली घासाघीस मात्र मी लबाडीत धरत नाही. पेशवाईतल्या राममंदिराभोवती वसलेला हा बायकांचा बाजार. तिथे दोनशे सांगावेत, शंभर म्हणावेत आणि सव्वाशेला सौदा तुटावा, ही रीतच आहे. दोन्ही बाजूंना खेळ ठाऊक असतो आणि वस्तू डोळ्यांसमोर असते. आमच्या मावशी या खेळात इतक्या पटाईत, की दुकानदार त्यांना पाहूनच भाव उतरवी. लक्ष्मी रस्त्यावर दर ठरलेले. तिथे घासाघीस चालायची नाही, पण पावती सोडू नका. "पावती घेतली तर कर लागेल, नाही तर तेवढे कमी करून देतो," असे कोणी म्हणाले, तर समजावे, की उद्या साडीचा रंग गेला तर हा ओळखही दाखवणार नाही.

पावतीच्या या लढाईला पुण्यातच बळ मिळाले. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा २४ डिसेंबर १९८६ ला झाला, आणि २०२० पासून त्याच्या जागी नवा कायदा लागू आहे. नव्या कायद्यातली आपल्या कामाची गोष्ट अशी, की वस्तू पुण्यात घेतली तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. बियाण्याच्या बाबतीतही शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले आहे. म्हणून बियाण्याची पावती आणि रिकामी पिशवी पीक हाती येईपर्यंत जपून ठेवा. काही अडले तर १९१५ हा ग्राहकांसाठीचा फोन क्रमांक आहे.

काट्याचा प्रश्न नुसता बाजारात नाही, आखाड्यातही आहे. गावच्या जत्रेत हलगी कडाडते, लाल मातीत जोड लागतो, आणि अधूनमधून लोकांना वास येतो, की ही नुरा कुस्ती आहे, आधीच ठरलेली. मग पागोटी उडतात, शिव्या पडतात. जिथे खरेच जीव तोडून कुस्ती होते, तिथे पंचाच्या हातातला काटा किती नाजूक असतो, हे पुण्याने जानेवारी २०२३ मध्ये पाहिले. कोथरूडला महाराष्ट्र केसरीची स्पर्धा होती. अंतिम फेरीत कोण जाणार, हे ठरविणाऱ्या लढतीत महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख समोरासमोर आले. महेंद्रने बाहेरची टांग मारली, पंचांनी चार गुण दिले आणि तिथेच कुस्ती फिरली. सिकंदरची पाठ खरोखर मातीकडे वळली होती की नाही, म्हणजे गुण चार द्यायचे की दोनच, यावर महाराष्ट्रभर वाद पेटला. प्रत्येकाच्या फोनवर ती टांग पुन्हा पुन्हा फिरत होती. पंचाला फोनवरून धमकीही आली. त्या वर्षीची गदा शेवटी शिवराज राक्षेने महेंद्रला हरवून घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्यातल्या फुलगावला सिकंदर महाराष्ट्र केसरी झाला. त्याने आपले उत्तर आखाड्यात दिले, हे मला फार आवडले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला याच्या उलट घडले. पृथ्वीराज मोहोळविरुद्धच्या लढतीत शिवराज चितपट झाल्याचा निर्णय पंचांनी दिला. माझे खांदे टेकलेच नाहीत, असे शिवराजचे म्हणणे. रागाच्या भरात त्याने पंचाची कॉलर धरली आणि लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडनेही निर्णय न पटल्याने मैदान सोडले. पृथ्वीराज विजयी झाला आणि त्या दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. निर्णय चुकला असेलही. पण ज्या पोराने बारा वर्षे पहाटे उठून हजार जोर मारले, त्याला चुकीचा निर्णय आणि लाथ यांच्यामधला रस्ता दाखविणे हे संघटनेचे काम आहे. आंतरराष्ट्रीय कुस्तीत तो रस्ता आहे. पहिलवानाच्या बाजूने प्रशिक्षक निर्णयाला आव्हान देतो, पंच सर्वांसमोर व्हिडिओ पाहतात, आणि आव्हान फसले तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. म्हणजे उगाच ओरडणाऱ्यालाही किंमत मोजावी लागते.

पुण्याजवळच्या गहुंजे येथील क्रिकेट मैदानाची गोष्ट याहून वेगळी. २५ ऑक्टोबर २०१७ ला भारत आणि न्यूझीलंड यांचा सामना व्हायचा होता. त्याच दिवशी एका दूरचित्रवाणी वाहिनीने लपविलेल्या कॅमेऱ्याचे चित्रण दाखविले. खेळपट्टीविषयी माहिती काढायला सट्टेबाजांचे सोंग घेतलेली माणसे आली होती, आणि खेळपट्टी तयार करणारे त्यांच्याशी बोलत होते. त्यांना लगेच कामावरून दूर केले गेले. आंतरराष्ट्रीय क्रिकेट मंडळाने पुढे त्यांच्यावर सहा महिन्यांची बंदी घातली. ती कशासाठी, हे लक्षात घ्या. असा माणूस आपल्याकडे आला होता, ही गोष्ट त्यांनी वर कळविली नाही यासाठी. गप्प बसणे हाच तिथे गुन्हा ठरला. गावात कोणाचा दुधाचा काटा खोटा आहे हे पाच जणांना माहीत असते आणि पाचही जण चहा पीत बसतात. त्यांना हा नियम लागू केला तर?

आता तिसरा काटा खिशातला, म्हणजे फोन. युपीआय २०१६ मध्ये आले, आणि आता मेथीची जुडीसुद्धा फोनवर विकली जाते. सोय उत्तम. मात्र रस्त्याकडेला माल विकणाऱ्या आपल्या माणसांना एक फसवणूक हमखास भेटते. गिऱ्हाईक फोनवर हिरवी खूण दाखविते, "झाले बघा," म्हणते आणि निघून जाते. तशी नुसती हिरवी खूण दाखविणारी खोटी ॲप निघाली आहेत. खूण त्यांच्या फोनवर पाहू नका, पैसे आल्याचे आपल्या फोनवर पाहा. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच घालावा लागत नाही. "पैसे पाठवतो, फक्त पिन टाका," असे कोणी म्हटले, की फोन ठेवून द्या. फसलातच, तर ताबडतोब १९३० ला फोन करा. पहिल्या तासाभरात कळविले तर पैसे वाटेत अडविता येण्याची आशा असते.

शेवटी लॅपटॉपविषयी. मुलगी किंवा मुलगा पुण्याला कॉलेजात गेला, की पहिल्या सुट्टीत ही मागणी येतेच. टिळक रस्त्यावर तुम्ही दुकानात उभे राहता, पैसे मोजता, आणि दुकानदार मोठ्या प्रेमाने म्हणतो, "काळजी करू नका, सगळे प्रोग्राम फुकट टाकून देतो." हे फुकट म्हणजे बहुधा चोरून केलेली नक्कल असते. आखाड्यात पंचाच्या दोन गुणांसाठी घसा फोडणारा बाप इथे मात्र खूश होऊन पेढे घेतो! चोरीच्या नकलेला सुधारणा नीट मिळत नाहीत, तिच्याबरोबर आणखी काय आत शिरले ते कळत नाही, आणि त्याच लॅपटॉपवर पोरगी पुढे बँकेचे व्यवहार करते.

खरे तर चोरीची गरजच नाही. लिबरऑफिस नावाचा संच २०१० पासून राजरोस फुकट मिळतो. त्यात पत्र लिहिता येते, दुधाचा हिशेब ठेवता येतो आणि मराठीही चालते. जुना लॅपटॉप स्वस्तात घेत असाल, तर त्यात विंडोज दहा आहे का ते विचारा. त्याची नेहमीची देखभाल कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबविली. अशा जुन्या यंत्रावर उबंटूसारखी फुकट प्रणाली घालता येते, कॉलेजातल्या एखाद्या जाणत्या पोराला सांगा, तो तासाभरात घालून देईल. मराठी लिहायला युनिकोडच वापरायला लावा. जुन्या फॉन्टमध्ये केलेला अर्ज दुसऱ्याच्या यंत्रावर उघडला, की शिष्यवृत्तीच्या जागी भलतीच अक्षरे दिसतात.

आणि दुकानात पावती लिहिताना यंत्राबरोबर आत घातलेल्या प्रत्येक प्रोग्रामचे नावही लिहून मागा. दुकानदार कां-कूं करू लागला, तर दुसरे दुकान चार पावलांवरच असते.