ब्रिटिश पेनी : भंगाराचा भाव आणि पारख्याची नजर

जुनी भांडी आणि मोडीचा धंदा करणाऱ्या किंवा सराफी पेढीवर बसणाऱ्या आपल्या बांधवांच्या हाती हे नाणे कधी ना कधी आलेच असेल. रुपयाहून मोठे, काळपट तांबूस, एका बाजूला राणीचे किंवा राजाचे मुंडके आणि दुसऱ्या बाजूला हातात त्रिशूळ धरून, ढाल टेकवून बसलेली बाई. ती बाई म्हणजे ब्रिटानिया आणि ते नाणे म्हणजे इंग्लंडची जुनी पेनी. आपण ते ढब्बू पैशांच्या ढिगात टाकतो आणि वजनावर मोकळे होतो. शंभरातल्या नव्वद-पंचाण्णव पेन्यांच्या बाबतीत त्यात काही बिघडत नाही. प्रश्न उरलेल्या दोन-चारांचा आहे.

इंग्लंडमध्ये या एकाच नाण्याच्या मागे लागलेले शौकीन आहेत. त्यांना नुसती पेनी नको असते. कोणत्या सालची, कोणत्या ठशाची, आकडा कसा वळलेला, समुद्राची रेघ किती उंचीवर, असे त्यांचे प्रश्न असतात. मायकेल फ्रीमन यांनी १८६० नंतरच्या ब्राँझ नाण्यांच्या ठशांची क्रमवार यादी करून पुस्तकच लिहिले. आजही विक्रेते 'फ्रीमन क्रमांक अमुक' असे सांगून माल विकतात. कापडाच्या पेढीवर जसा धाग्याचा काउंट सांगतात तसेच हे.

आधी हिशेब समजून घेऊ. १२ पेन्यांचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे पौंडाला २४० पेन्या. आणे-पैच्या हिशेबावर वाढलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे जड जाणार नाही. १५ फेब्रुवारी १९७१ रोजी इंग्लंडने दशमान पद्धत स्वीकारली आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेर जुनी पेनी चलनातून गेली. तोपर्यंत चहाच्या दुकानातल्या खुर्द्यात १८६० सालचीही पेनी सापडत असे, शंभर वर्षे झिजलेली, पण चालणारी. दशमान येणार हे ठरल्यावर १९६० च्या दशकात तिथे घरोघर चिल्लर तपासण्याचे वेड पसरले. लोक बँकेतून थैली भरून पेन्या आणत, रात्री टेबलावर ओतून साल बघत आणि उरलेल्या सकाळी परत करत. आजचे अनेक जुने संग्रह त्या थैल्यांतून निघालेले आहेत.

पेनीसाठी हिशेबात 'डी' हे अक्षर लिहीत. ते रोमन 'देनारियस'चे आद्याक्षर. अरबी 'दीनार' हा शब्दही त्याच मुळाचा. सुरुवातीला पेनी चांदीची होती. आठव्या शतकात मर्सियाचा राजा ऑफा याच्या काळात ती चांगलीच रुजली. याच ऑफाचे एक सोन्याचे नाणे ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ते खलिफा मन्सूर यांच्या हिजरी १५७ च्या दीनारची नक्कल आहे. कारागिराला अरबी येत नव्हते, त्यामुळे मजकुराच्या मानाने राजाचे नाव उलटे पडले आहे. बगदादच्या नाण्याची पत तेव्हा कुठवर पोहोचली होती, हे त्यावरून दिसते.

तांब्याची चाके

१७९७ साली बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टन याने वाफेच्या यंत्रावर तांब्याची पेनी पाडली. वजन पूर्ण एक औंस, म्हणजे २८ ग्रॅमच्या वर. जाड उंच कडेमुळे लोक तिला 'गाडीचे चाक' म्हणू लागले. मुंबईकरांना हा बोल्टन परका नाही. त्याच्याच सोहो येथील टांकसाळीत ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी १७९१ आणि १७९४ सालचे तांब्याचे पैसे पाडले गेले. त्यांवर तराजू आहे आणि पारड्यांच्या मध्ये अरबी लिपीत 'अदल' हा शब्द. असा पैसा आपल्या बाजारात अजूनही दिसतो आणि मोडीत जाऊ देण्याच्या लायकीचा तो मुळीच नाही.

शौकिनांचा खरा खेळ मात्र १८६० पासून सुरू होतो. त्या वर्षी तांबे जाऊन ब्राँझ आले : ९५ भाग तांबे, ४ भाग कथील, १ भाग जस्त. वजन ९.४५ ग्रॅम, म्हणजे तीन पेन्यांचा बरोबर एक औंस. व्यास जवळपास ३१ मिलिमीटर. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत, पुढे उपयोगी पडतील.

एकाच नाण्याचे इतके प्रकार का?

ठसे खोदणाऱ्या आणि साचे बनवणाऱ्या कारागिरांना हे चटकन कळेल. मूळ नमुन्यावरून कामाचे ठसे उठवायचे, आणि सालाचे शेवटचे आकडे त्या काळी ठशात हाताने पंच ठोकून बसवायचे. हात जरा सरकला की आकडा वर-खाली, जवळ-दूर. ब्राँझ तांब्याहून कठीण, त्यामुळे सुरुवातीचे ठसे लवकर झिजले आणि तडकले. टांकसाळ सारखी दुरुस्ती करत राहिली. कडेला आधी बारीक मणी होते, पुढे दात आले. जुना ठसा एका बाजूला, नवा दुसऱ्या बाजूला असे जोडही पडले. म्हणून १८६० आणि १८६१ या दोन वर्षांतच प्रकारांची गर्दी आहे. टांकसाळीला जी गडबड वाटली तीच आज संग्राहकाची दौलत झाली.

१८६० ते १८९४ पर्यंतच्या पेनीवर व्हिक्टोरिया राणीचे केस मागे अंबाड्यात बांधलेले आहेत. शौकीन तिला 'अंबाडेवाली'च म्हणतात. या नाण्यावर ब्रिटानियाच्या डाव्या अंगाला दीपगृह आणि उजव्या अंगाला जहाज असते. १८९५ पासून राणी म्हातारी होऊन डोक्यावर ओढणी घेते, आणि दीपगृह व जहाज दोन्ही नाहीसे होतात. दीपगृह पुन्हा उगवते ते १९३७ साली.

आता कशाकडे बघायचे? अंबाडेवालीत १८६९ आणि १८७१ ही साले कमी मिळतात. सालाच्या खाली 'एच' अक्षर असेल तर ते नाणे बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचे. १८७५ चे 'एच' असलेले नाणे दुर्मीळ आहे. १८८२ ची गंमत उलटी आहे. त्या वर्षी लंडनची टांकसाळ दुरुस्तीसाठी बंद होती, पेन्या हीटनने पाडल्या, म्हणून 'एच' असलेली सर्रास मिळते आणि 'एच' नसलेली जवळजवळ मिळतच नाही. साहजिकच 'एच' खरवडून काढलेली किंवा झिजून गेलेली नाणी घेऊन लोक आशेने फिरत असतात. १८६३ च्या काही मोजक्या पेन्यांवर सालाखाली ठशाचा बारीक आकडा आहे. ती सापडली तर घाईने विकू नका.

१८९५ ची पेनी घ्या. त्रिशुळाचे खालचे टोक आणि 'पेनी' शब्दातले 'पी' अक्षर यांत बहुतेक नाण्यांवर एक मिलिमीटर अंतर असते. क्वचित ते दोन मिलिमीटर असते आणि मग किंमत कितीतरी पट होते. १९०२ साली ब्रिटानियामागची समुद्राची रेघ काही नाण्यांवर खाली आहे. त्याला 'ओहोटी' म्हणतात. नेहमीची ती 'भरती'. ओहोटीची पेनी फार महाग नाही, शिकाऱ्याने पहिली शिकार तिचीच करावी. १९०३ चा आकडा ३ काही नाण्यांवर जास्त उघडा आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पुन्हा बाहेरचे कारखाने आले. १९१२, १९१८ आणि १९१९ च्या पेनीवर सालाच्या डावीकडे 'एच' मिळतो. १९१८ आणि १९१९ वर 'के एन'ही मिळतो, म्हणजे किंग्ज नॉर्टन मेटल कंपनी. झिजलेल्या अवस्थेत ही साधीच, पण चेहरा शाबूत असेल तर चांगला भाव येतो.

एक गोष्ट आपल्या देशाची. १८९५ पासून पेनीवर राणीच्या नावापुढे लॅटिनमध्ये 'इंड. इम्प.' आले, म्हणजे हिंदुस्थानची सम्राज्ञी. आपण स्वतंत्र झालो १९४७ साली, पण १९४८ च्या पेनीवरही ही अक्षरे आहेत. १९४९ ला गेली. दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत, कवडीच्या मोलात इतिहास दिसतो.

१९३३ आणि बर्म्युडा

सर्वांत गाजलेली पेनी १९३३ ची. त्या वर्षी बँकांत पेन्यांचे ढीग पडून होते, नवीन पाडायची गरजच नव्हती. इमारतींच्या पायाभरणीत त्या सालची नाणी ठेवण्याची प्रथा होती, म्हणून फक्त सहा-सात पाडल्या. एक लंडन विद्यापीठाच्या इमारतीखाली आहे, एक ब्रिटिश म्युझियममध्ये. लीड्स शहरात दोन चर्चच्या पायात ठेवल्या होत्या. १९७० साली चोरांनी त्यांतली एक पायाचा दगड उकरून नेली. दुसरीवरही हात पडेल या भीतीने ती काढून १९७२ साली विकण्यात आली. २०१६ साली अमेरिकेतल्या एका लिलावात अशा एका पेनीला १ लाख ९० हजार डॉलरच्या वर किंमत आली.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने मला मात्र १९५१ ची गोष्ट अधिक रंजक वाटते. त्या वर्षी फक्त १ लाख २० हजार पेन्या निघाल्या आणि बहुतेक बर्म्युडा बेटावर पाठवल्या गेल्या. इंग्लंडमध्ये ते साल दिसेना. मग नाण्यांच्या व्यापाऱ्यांनी बेटावरून त्या पेन्या परत आणवल्या आणि विकल्या. माल कुठे पडून आहे आणि मागणी कुठे आहे, एवढेच ज्याला कळले त्याने कमावले. याउलट १९६७ ची पेनी. टांकसाळ १९७० पर्यंत तेच साल घालत राहिली आणि ६५ कोटींहून जास्त नाणी निघाली. ती चकचकीत असली तरी नातवंडांना खेळायला द्यावी.

फसवणूक आणि घासाघीस

१९३३ ची पेनी दुकानात कोणी दाखवली तर ती खोटी आहे असे समजूनच चालावे. १९३५ चा पाच कोरून तीन करणारे हात जगात पुष्कळ आहेत. भिंगाखाली आकड्याभोवतीची जमीन पाहावी. तिथे खरवड असते, किंवा बाकी नाणे झिजलेले आणि तो एकच आकडा तीक्ष्ण असतो. ओतीव नकलेची कड पाहावी, जोडाची रेघ सापडते. काट्यावर टाकावे. न झिजलेले नाणे साडेनऊ ग्रॅमपासून फार ढळले तर परत करावे. लोहचुंबकाला चिकटले तर बोलणेच खुंटले.

दुसरे नुकसान आपण स्वतः करतो. नाणे हाती आले की चिंच, रांगोळी, पावडर लावून लख्ख करायचे ही आपली सवय. पितळेच्या हंड्याला ते शोभते, पेनीला नाही. काळपट तपकिरी रंग ही तिची शंभर वर्षांची कातडी आहे. ती एकदा घासून काढली की पारखी लांबूनच मान हलवतो आणि दुर्मीळ नाण्याचीही किंमत कोसळते. भोक बुजवलेले किंवा रेघा पुन्हा कोरलेले नाणे ऐब सांगितल्याशिवाय विकू नये, कारण हा बाजार लहान आहे आणि नाव एकदाच जाते. मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांत नाणी ठेवू नयेत, त्यांतल्या रसायनाने हिरवा चिकट थर चढतो. कागदी पाकीट बरे. खराब झालेल्या नाण्यालाही क्वचित मान मिळतो. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्यांनी १९०३ च्या एका पेनीवर राजाच्या डोक्यावरच घोषणेची अक्षरे ठोकली होती. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पण तो अपवाद.

'तुमच्याकडचे जुने नाणे आम्ही लाखो रुपयांना घेतो, आधी नोंदणी फी भरा' असे निरोप आता मोबाइलवर येतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितले की असा कोणताही व्यवहार बँक करत नाही, त्यासाठी कमिशनही घेत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. खरा गिऱ्हाईक विकणाऱ्याकडून पैसे मागत नाही, देतो.

कायदाही माहीत असावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरावस्तू ठरते. ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि अशा वस्तू विकण्याचा नियमित धंदा करायला परवाना लागतो. म्हणजे अंबाडेवाली पेनी टपालाने लंडनला पाठवण्याचा विचार असेल तर आधी वकिलाला विचारा.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना दहापट भिंग आणि दशांशात तोलणारा काटा पुरतो. माल कुठे? कोकणातल्या ज्या घरांतले पुरुष बोटीवर खलाशी होते, तिथल्या जुन्या पेट्यांत आणि मुंबईच्या चोर बाजारातल्या टोपल्यांत. तिथे पेनी म्हणून जे निघते ते सगळे ब्रिटिश नसते हेही बघा. कांगारू असलेली पेनी ऑस्ट्रेलियाची. त्यातही साल १९४२ किंवा १९४३ असेल आणि राजाच्या मानेखाली बारीक 'आय' दिसला, तर ती मुंबईच्या टांकसाळीत पाडलेली आहे. युद्धाच्या काळात हे काम आपल्या फोर्टमध्ये झाले होते.