मापाच्या रायफलीचं मोल

चेन्नईत तंजावरकडून आलेली मराठी घरं पुष्कळ आहेत. समजा, त्यांतलंच एक घर वेस्ट मांबलममध्ये, अयोध्या मंडपापासून हाकेच्या अंतरावर आहे. आजोबांनी तरुणपणी निलगिरीतल्या एका गोऱ्या मळेवाल्याकडून शिकारीची रायफल विकत घेतली होती. मळेवाल्याने ती लंडनच्या रिग्बी या बंदुका घडवणाऱ्या पेढीकडून स्वतःच्या मापाने, १९१० च्या सुमारास करवून घेतलेली. आजोबा गेले, नातवंडांना शिकारीत रस नाही. आता प्रश्न एकच: हिचे किती येतील?

अशा वेळी बहुतेक जण नळीवरच्या नावापासून सुरुवात करतात. मी नळीच्या आतून करीन. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की नळीत क्षार उरत, आणि क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. मद्रासच्या खाऱ्या, दमट हवेत तर गंज चढायला एक रात्र पुरे. म्हणून जाणता शिकारी मुक्कामावर परतला की आधी नळीत कढत पाणी ओतायचा, पुसून कोरडी करायचा, मगच तेलाचा बोळा फिरवायचा. नुसत्या तेलाने क्षार निघत नाहीत. ही शिस्त पाळली की नाही, ते शंभर वर्षांनंतरही दिसतं. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढा आणि मागच्या बाजूने उजेडाकडे पाहा. आतल्या पेचांच्या कडा धारदार दिसल्या तर निम्मी लढाई जिंकली. देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले, तर बाहेरचं नक्षीकाम कितीही देखणं असो, भाव उतरलाच.

त्यानंतर पाहायचे ते आकडे. बोल्टवरचा क्रमांक आणि बॉडीवरचा क्रमांक जुळतात का? रिग्बीच्या या रायफलींचा गाभा जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यातून यायचा आणि या रायफलीला चालणारं .२७५ रिग्बी म्हणजे मुळात माउझरचंच ७ × ५७ मिलिमीटरचं काडतूस. लंडनच्या जुन्या पेढ्यांनी आपल्या विक्रीच्या वह्या जपून ठेवल्या आहेत. क्रमांक कळवला की रायफल कधी, कोणासाठी, कोणत्या बोअरची बनवली याचा दाखला शुल्क घेऊन मिळतो. हा कागद हाती असल्याशिवाय मी तरी कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवणार नाही. मद्रासमध्ये तर ही खबरदारी जास्तच हवी. माउंट रोडवरची पी. ऑर अँड सन्स ही घड्याळं आणि चांदीसाठी नावाजलेली पेढी बंदुकाही विकायची, त्यामुळे नळीवर तिचं नाव सापडतं. पण ते विकणाऱ्याचं नाव. घडवणारा शोधायचा तर नळीच्या बुडाशी असलेले लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीचे शिक्के वाचावे लागतात.

‘मापाची’ म्हटलं की लोकांना वाटतं, किंमत दुप्पट. उलट, मापासाठी मोजलेले पैसे सहसा परत येत नाहीत. दस्त्याची लांबी पहिल्या मालकाच्या हाताची आणि त्याचा बाक पहिल्या मालकाच्या मानेचा. साहेब सहा फुटी होता, आजोबा पाच फूट चार इंच. मग गावातल्या सुताराकडून दस्ता इंचभर कापून घेतला जातो, आणि अक्रोडाच्या त्या लाकडाबरोबर संग्राहकही जातो. कोणी हौसेने चकचकीत पॉलिश मारलं, नळीला नवा निळा रंग चढवला, तर आणखी नुकसान. घासकामात नक्षीच्या कडा बोथट होतात, अक्षरं पुसट होतात. जुनी, प्रामाणिक झीज राहू द्यावी.

बोअरची गोष्ट तर राजकारणात शिरते. हिंदुस्थान सरकारने १९०७ च्या सुमारास .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी घातली. लष्करातून पळवलेल्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना त्याच बोअरची गोळी चालायची, ती बंडखोरांच्या हाती पडू नये ही धास्ती. ब्रिटिश कारागिरांनी लगेच .४६५, .४७० असे नवे बोअर पुढे आणले. वाघ-हत्तींच्या शिकारीसाठी जगभर गाजलेल्या या बोअरांच्या मागे हिंदुस्थानातला एक सरकारी हुकूम आहे.

मालक कोण होता, याने मात्र सगळी गणितं उलटीपालटी होतात. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल मिळालेली रायफल याच जातीची, .२७५ रिग्बी. दस्त्यावरच्या चांदीच्या पट्टीवर तसा लेख आहे. पुढे ती ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे राहिली, २०१५ मध्ये रिग्बीने मिळवली आणि २०१६ मध्ये भारतातही आणून दाखवली. हेमिंग्वेची वेस्ली रिचर्ड्सची .५७७ दुनळी २०११ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात ३,४०,००० डॉलरला गेली. टिपू सुलतानासाठी श्रीरंगपट्टणात घडवलेल्या, चांदीने मढवलेल्या शिकारी बंदुकीला २०१५ मध्ये लंडनच्या बोनहॅम्समध्ये ७,२२,५०० पौंड मिळाले. निलगिरीच्या अनोळखी मळेवाल्याच्या आद्याक्षरांना असा भाव येत नाही.

इथवरचा हिशेब जगात कुठेही लागू पडेल. वेस्ट मांबलममध्ये मात्र खरी किंमत ठरवतो तो कायदा. परवानाधारक वारला की हत्यार नुसतं कपाटात ठेवून चालत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं, आणि ठरलेल्या मुदतीत वारसाने हालचाल केली नाही तर ते सरकारजमा होऊ शकतं. विकायचं तर गिऱ्हाईकाकडेही परवाना हवा. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. मग दोनांतली एक जागा शंभर वर्षांच्या रायफलीला कोण देईल? इशापूरच्या कारखान्याची .३१५ घेतली तर खडकीची ‘के.एफ.’ छापाची काडतुसं मिळतात. .२७५ साठी परदेशी काडतुसं शोधत फिरावं लागतं. १९८० च्या दशकात आयात आवळली गेल्यापासून विलायती हत्यारांना इथे मागणी आहे खरी, पण ती मुख्यतः पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरना.

मग लंडनला पाठवावी? इथे १९७२ आडवं येतं. त्या एका वर्षी संसदेने दोन कायदे केले. वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा रस्ता बंद होत गेला. दुसरा पुरावस्तूंचा: शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. १९१० ची रायफल २०१० मध्येच या उंबरठ्यावर आली. वापरणाऱ्याचा बाजार एका कायद्याने गेला, संग्राहकाचा दुसऱ्याने. दोन्ही कायदे मला मनापासून मान्य आहेत. पण त्यांचा परिणाम म्हणून परदेशी लिलावाच्या यादीतला भाव इथल्या वारसांना दाखवणं ही त्यांची फसवणूक आहे.

या कात्रीत चांगल्या वस्तूचा शेवट भंगारात होतो, आणि तंजावरच्या माणसांना ते नवीन नाही. दुसरे शिवाजीराजे १८५५ मध्ये निपुत्रिक वारले, राज्य खालसा झालं. पुढे १८६३ मध्ये मराठ्यांचं तंजावरचं शस्त्रागार मोडीत काढलं गेलं. वॉलहाउस नावाच्या अधिकाऱ्याने निवडून वाचवलेल्या काही वस्तू आज एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात पाहता येतात. कट्यारी, तलवारी, अंकुश यांच्यावरचं ते पोलादी काम पाहिलं की भंगार म्हणून गेलेल्या ढिगाचा विचार करून जीव तळमळतो. त्या वेळी लोखंडाचं मोल झालं, कामाचं नाही.

म्हणून वेस्ट मांबलमच्या त्या घराला मी विक्रेत्याच्या दारात उभं राहण्याआधी तीन कामं करायला सांगेन. रायफल कायदेशीरपणे जमा करून पावती घ्यावी. क्रमांक, शिक्के, दस्ता, पेटीवरचं लेबल यांचे स्वच्छ फोटो काढून रिग्बीकडून वहीतला उतारा मागवावा. आणि घरातल्या एकाने वारस म्हणून परवान्याचा अर्ज करावा. नियमांत तशी सोय आहे. अर्ज चालू असेपर्यंत विकण्याची घाई नसते, आणि अशा मालात घाई असलेल्याला भंगाराच्या आसपासचाच भाव सांगितला जातो.