उघड्या डोळ्यांची मानसपूजा

माघ वद्य चतुर्दशी जवळ आली की आम्हांस आमच्या आजीचे स्मरण होते. वृद्धापकाळी देवळाच्या पायऱ्या चढणे तिला झेपेनासे झाले, तेव्हा महाशिवरात्रीला उपवासाची रताळी किसता किसताच तिची पूजा चाले. मध्येच कोणी काही विचारले तर ती म्हणे, "थांबा रे, अजून अभिषेक आटोपायचा आहे." शिवपिंडी तिला समोर दिसे आणि परातही दिसे, एकीने दुसरीला झाकले असे कधी झाले नाही. किसणीवर तिचे बोट कधी कापले नाही, हेही सांगितले पाहिजे!

अशी पूजा आपल्याकडे नवी नव्हे. आद्य शंकराचार्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या 'शिवमानसपूजा' स्तोत्रात रत्नांचे आसन, हिमजलाचे स्नान, सुवर्णपात्रातील पायस, सारे मनानेच सिद्ध करावयाचे आहे. तमिळ देशातील पूसलार नायनारांची कथा तर याहून विलक्षण. सेक्किळार यांनी 12व्या शतकात रचलेल्या 'पेरियपुराणा'त ती आली आहे. तिरुनिन्रवूरच्या या भक्ताला देवालयासाठी द्रव्य मिळेना, तेव्हा त्याने ते मनातच बांधावयास घेतले. पाया, भिंती, शिखर, सारे क्रमाने. इकडे कांचीच्या पल्लव राजाने भव्य शिवालय उभारून प्रतिष्ठेचा दिवस ठरविला. शंकराने स्वप्नात येऊन सांगितले, त्या दिवशी आम्ही पूसलाराच्या मंदिरी जाणार, तुझा दिवस पुढे ढकल. राजा शोधीत आला, तो तेथे एक वीटही नाही! तिरुनिन्रवूर येथे हृदयालीश्वराचे देऊळ आज उभे आहे.

परंतु ज्याला मनात काही दिसतच नाही, त्याने काय करावे? आमच्या वहिनींनी एकदा संकोचाने सांगितले की, डोळे मिटले की त्यांना केवळ अंधार दिसतो. देवाचे रूप तर नाहीच, माहेरच्या अंगणातील तुळससुद्धा नाही. आपली भक्तीच उणी, असे त्यांनी अनेक वर्षे मानले होते. आम्हांस हे ऐकून वाईट वाटले.

वस्तुतः हा मनाच्या घडणीचा भेद आहे. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी लोकांना सकाळच्या न्याहारीचे मेज मनात आणावयास सांगितले व 1880 साली त्यांची उत्तरे प्रसिद्ध केली. कोणाला ते प्रत्यक्षासारखे लख्ख दिसले, तर कित्येक विद्वानांना मुळीच दिसले नाही. 2015 साली अ‍ॅडम झेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या न दिसण्याला 'अफँटेशिया' असे नाव दिले. डोळ्यांनी पाहताना मेंदूचे जे भाग राबतात, त्यांतील काही कल्पनेने पाहतानाही राबतात. त्यांचे बळ मात्र सर्वांच्या ठायी सारखे नसते. यात श्रद्धेचा प्रश्न येतो कोठे?

शिवमानसपूजेचा उत्तरार्ध आम्ही वहिनींना समजावून सांगितला. तेथे निद्रा हीच समाधी, चालणे हीच प्रदक्षिणा, बोलणे हेच स्तोत्र. पाहावयाचे असे त्यात काहीच उरत नाही. त्या क्षणभर थांबल्या व म्हणाल्या, "मला पिंडी दिसत नाही, पण अभिषेक कुठवर आला आहे, ते मात्र बरोबर कळतं."

यंदा रताळी किसावयास त्याच बसणार आहेत.