रिकाम्या खोलीतून दिसणारा निसर्ग

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये २०२५ च्या फेब्रुवारी ते मे या काळात कास्पार डेव्हिड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराचे मोठे प्रदर्शन भरले होते. धुके, डोंगर, ओसाड मठ आणि पाठमोऱ्या माणसांची त्याची चित्रे अनेकांना परिचित असतात. निसर्गाचा हा उपासक उघड्या माळावर बसून रंगवत असेल, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ही चित्रे घडली ती ड्रेस्डेन शहरातील एका जवळजवळ रिकाम्या खोलीत.

फ्रीडरिशचा जन्म १७७४ साली बाल्टिक किनाऱ्यावरील ग्राइफ्सवाल्ड येथे झाला. कोपनहेगनच्या कला अकादमीत शिक्षण घेऊन १७९८ मध्ये तो ड्रेस्डेनला आला. तैलरंगांकडे वळण्यापूर्वी त्याचे नाव झाले ते पेन्सिल आणि सेपिया यांतील कामामुळे. सेपिया म्हणजे कटलफिश या सागरी जिवाच्या शाईपासून केलेला तपकिरी रंग. १८०५ मध्ये ग्योथेच्या पुढाकाराने वायमार येथे झालेल्या स्पर्धेत त्याच्या दोन सेपिया चित्रांना पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

याच सुमारास, १८०५-०६ मध्ये, त्याने आपल्या कार्यशाळेच्या दोन खिडक्या पेन्सिल आणि सेपियात रेखाटल्या. ही दोन्ही चित्रे आज व्हिएन्नाच्या बेल्व्हेडेर संग्रहालयात आहेत. खिडकीबाहेर एल्ब नदी वाहते आहे. आत मात्र उघडी भिंत आणि काटेकोर रेषांनी आखलेली चौकट एवढेच आहे. एका खिडकीच्या कट्ट्यावर चित्रकाराच्या नावाचे पत्र पडले आहे. दुसऱ्या चित्रात कडेला कापला गेलेला आरसा असून त्यात त्याच्या चेहऱ्याचा थोडासा भाग दिसतो. काम करणारा कलावंत खोलीत आहे, पण त्याने स्वतःला जवळजवळ लपवले आहे.

त्याचा मित्र गेऑर्ग फ्रीडरिश केर्स्टिंग याने त्याला समोर आणले. १८१० मध्ये दोघांनी रीझेनगेबिर्गे या पर्वतराजीत पायी प्रवास केला. पुढच्याच वर्षी केर्स्टिंगने फ्रीडरिशला खोलीत काम करताना रंगवले. हे चित्र हाम्बुर्गच्या कुन्स्टहालमध्ये आहे. खिडकीचा खालचा भाग बंद आहे आणि उजेड फक्त वरून येतो. फ्रीडरिश ईझलसमोर बसून धबधब्याचे दृश्य रंगवत आहे. त्याच वर्षी केर्स्टिंगने गेरहार्ड फॉन क्यूगेलगेन या दुसऱ्या चित्रकाराची खोलीही रंगवली. ती साहित्याने भरलेली आहे. क्यूगेलगेनच्या मुलाने पुढे आठवणींत लिहिले की, फ्रीडरिशने रंगांची पेटीसुद्धा शेजारच्या खोलीत हलवली होती.

खिडकी अर्धी बंद करण्यामागे व्यावहारिक कारण होते. वरून येणारा उजेड स्थिर असतो आणि कॅनव्हासवर चकाकी पडत नाही. पण त्याहून महत्त्वाचे कारण त्याच्या कार्यपद्धतीत आहे. बाहेर भटकताना तो पेन्सिलने झाडे, खडक आणि अवशेष बारकाईने टिपून घेई व कित्येकदा त्यावर तारीख लिही. एखादे झाड त्या वहीतून अनेक वर्षांनी एखाद्या तैलचित्रात अवतरे. वेगवेगळ्या ठिकाणी पाहिलेल्या गोष्टी खोलीत एकत्र येत आणि त्यांतून कोठेही अस्तित्वात नसलेले, तरीही खरे वाटणारे दृश्य उभे राही. निसर्ग पाहण्यासाठी बाहेर जावे लागते, पण त्याचा अर्थ लावण्यासाठी बाहेरचा कोलाहल थांबवावा लागतो, हा रोमँटिक काळातील विचार त्या रिकाम्या भिंतींतून कळतो.

त्या काळी पेन्सिलचे रूपही बदलत होते. उत्तम ग्रॅफाइट इंग्लंडमधील बॉरोडेल येथून येई. युद्धामुळे फ्रान्सचा हा पुरवठा तुटला, तेव्हा निकोला-झाक काँते याने ग्रॅफाइटची पूड मातीत मिसळून भाजण्याची रीत काढली आणि १७९५ मध्ये तिचे पेटंट घेतले. मातीचे प्रमाण बदलून टोक कठीण किंवा मऊ करता येऊ लागले. आजची पेन्सिल त्याच तत्त्वावर बनते.

१८३५ मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यावर फ्रीडरिशला तैलरंगात काम करणे कठीण झाले. तो पुन्हा सेपियाकडे आणि रेखाटनाकडे वळला. १८४० मध्ये तो निवर्तला तेव्हा त्याची लोकप्रियता ओसरली होती. १९०६ मधील बर्लिनच्या प्रदर्शनाने त्याला नव्याने लोकांपुढे आणले. ज्या साधनांनी त्याची सुरुवात झाली, तीच अखेरीस त्याच्या हाती उरली होती.