‘सर्व स्वीकारा’ : कुकीचे स्वरूप, संमती व नियंत्रण

संगणकावर किंवा मोबाइलवर एखादे संकेतस्थळ उघडले की पुष्कळदा पानाच्या तळाशी एक पट्टी वर येते. हे स्थळ कुकी वापरते असे तीत सांगितलेले असते आणि ‘सर्व स्वीकारा’ असे शब्द असलेले एक ठसठशीत बटण पुढे केलेले असते. वरचा मजकूर न वाचता हे बटण दाबून मोकळे होण्याची सवय अनेकांस जडलेली आहे. प्रस्तुत लेखकही तीस अपवाद नाही. परंतु हे बटण दाबणे ही केवळ बोटाची हालचाल नव्हे. ती संमती होय, आणि संमती देणे ही भाषेच्या द्वारा केलेली कृती आहे. संमती कशाला दिली हे देणाऱ्यासच ठाऊक नसेल तर त्या कृतीस अर्थ काय उरतो, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने टाळण्याजोगा नाही. त्याकडे वळण्यापूर्वी कुकी ही वस्तू काय आहे आणि तिचा उपयोग कोण कसा करतो, हे नीट पाहिले पाहिजे.

वाचकाचा ब्राउझर व संकेतस्थळाचा सर्व्हर यांच्यातील संभाषण ज्या नियमांनी चालते त्यांस एचटीटीपी म्हणतात. हे संभाषण मुळात स्मृतिशून्य आहे. ब्राउझर एक पान मागतो, सर्व्हर ते देतो, आणि व्यवहार तेथेच संपतो. दुसऱ्याच क्षणी त्याच ब्राउझरने पुढचे पान मागितले तरी सर्व्हरच्या लेखी तो पुन्हा अनोळखीच. केवळ लेख वाचावयाचे होते तोवर यात अडचण नव्हती; परंतु दुकानात वस्तू निवडून टोपलीत टाकावयाच्या तर टोपली कोणाची, हे लक्षात राहिले पाहिजे. १९९४ साली नेटस्केप या कंपनीतील लू मोंटुली या अभियंत्याने यावर उपाय काढला. आठवण सर्व्हरने न ठेवता ग्राहकाच्याच ब्राउझरकडे सांभाळावयास द्यावी, आणि प्रत्येक वेळी ब्राउझरने ती परत आणून दाखवावी, असा तो उपाय. युनिक्स प्रणालीवर काम करणाऱ्या मंडळींत अशा देवाणघेवाणीच्या खुणेस ‘मॅजिक कुकी’ म्हणण्याचा प्रघात होता. त्यावरून हे नाव आले.

मराठीत हा शब्द ईकारान्त म्हणून सहजच स्त्रीलिंगी झाला. ‘बॅटरी’चे ‘बॅटऱ्या’ झाले तसे ‘कुकी’चे ‘कुक्या’ व्हावयास व्याकरणाची हरकत नाही. परंतु ते रूप अद्याप रुळलेले दिसत नाही, म्हणून येथे अनेकवचनही ‘कुकी’ असेच ठेवले आहे. संस्कृत धातूवरून नवा प्रतिशब्द घडविण्याच्या खटपटीत मात्र पडण्याचे कारण नाही. अडचण शब्दाच्या परकेपणात नाही, त्याच्या मुग्धपणात आहे. बिस्किटाच्या नावाने आलेल्या वस्तूविषयी कोणी सावध होत नाही.

ही वस्तू प्रत्यक्षात मजकुराचा एक लहानसा तुकडा असते. सामान्यतः चार हजार शहाण्णव बाइटांहून मोठी नसते. तो प्रोग्राम नव्हे, विषाणूही नव्हे; तो स्वतः होऊन काही करू शकत नाही. त्यात एक नाव असते व त्या नावापुढे एक मूल्य. त्याबरोबर तो कोणत्या स्थळास परत दाखवावयाचा व कोठवर जपावयाचा, याच्या सूचना असतात. मुदत दिलेली नसेल तर ब्राउझर बंद होताच कुकी नाहीशी व्हावी असा संकेत आहे. दिलेली असेल तर ती महिनोन्‌महिने टिकते. क्रोम हा ब्राउझर २०२२ पासून कोणत्याही कुकीस चारशे दिवसांहून अधिक आयुष्य देत नाही.

देवळात जाताना बाहेर पादत्राणे ठेवावयाची जागा असते. तेथील माणूस आपल्या हाती क्रमांकाचा एक बिल्ला देतो. बिल्ल्यावर आपले नाव नसते, गाव नसते. तो पाहून आपल्याविषयी काहीही कळत नाही. परंतु त्या माणसाच्या फळीवर त्याच क्रमांकाच्या खणात आपल्या वहाणा असतात. कुकीतील मूल्य बहुधा असेच असते : एक लांबलचक, निरर्थक दिसणारा आकडा. अर्थ सर्व्हरच्या वहीत असतो. म्हणून ‘कुकीत तुमची वैयक्तिक माहिती नसते’ हे विधान बहुतेक वेळा अक्षरशः खरे आणि तात्पर्याने दिशाभूल करणारे असते. याच दृष्टान्तातून आणखी एक गोष्ट निघते. ज्याच्या हाती बिल्ला, त्याच्या वहाणा. आपण एखाद्या खात्यात प्रवेश केला असता मिळालेली कुकी दुसऱ्याने हस्तगत केली तर परवलीचा शब्द माहीत नसतानाही तो आपल्या नावाने वावरू शकतो. ग्रंथालयातील सामायिक संगणकावर काम संपताच खात्यातून रीतसर बाहेर पडावे असे विद्यार्थ्यांस वारंवार सांगतात, त्याचे कारण हेच.

प्रत्येक कुकी ओळख पटविण्यासाठीच असते असेही नाही. मराठी विकिपीडियासह विकिमीडियाची सर्व स्थळे एक कुकी ठेवतात. तीत आपण शेवटचे केव्हा आलो ती तारीख तेवढी असते. आज आलेल्या ब्राउझराच्या कुकीत आजची तारीख नसेल तर तो आज प्रथमच आला, असे धरून वाचकांची मोजदाद होते. कोण आला हे जाणण्याची गरज पडत नाही. मोजणे आणि ओळखणे या भिन्न क्रिया आहेत, याचे याहून स्वच्छ उदाहरण प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही.

आता वादाच्या मुद्द्याकडे येऊ. आपण एक पान उघडतो तेव्हा त्या पानाचे सर्व भाग एकाच सर्व्हरवरून येत नाहीत. मजकूर वृत्तपत्राचा, पण जाहिरातीची चौकट दुसऱ्याच कंपनीची असते. कधीकधी त्या कंपनीचे डोळ्यांस न दिसणारे एका बिंदूएवढे चित्र असते. ते आणण्यासाठी ब्राउझर त्या कंपनीच्या सर्व्हरकडेही जातो, आणि तोही आपला बिल्ला हाती ठेवतो. यास तृतीय-पक्ष कुकी म्हणतात. पुन्हा देवळाकडे जाऊ. गावातील सर्व देवळांबाहेर वहाणा सांभाळण्याचा ठेका एकाच ठेकेदाराकडे आहे आणि सगळीकडे तो आपला एकच बिल्ला ओळखतो, असे समजा. आपले नाव त्यास अजूनही ठाऊक नाही. परंतु हा क्रमांक सोमवारी कोठे जातो, शनिवारी कोठे, आजारपणात कोणत्या देवास शरण जातो, हे सर्व त्याच्या वहीत जमत जाते. निरनिराळ्या स्थळांवर पसरलेला जाहिरातींचा व्यवसाय बव्हंशी या वहीवर उभा राहिला.

हा धोका उशिरा कळला असे मात्र नाही. १९९६ साली वृत्तपत्रांतून कुकीविषयी चर्चा सुरू झाली, आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये इंटरनेटच्या मानकांचा विचार करणाऱ्या मंडळाने जो पहिला मसुदा प्रसिद्ध केला त्यात परक्या स्थळांच्या कुकी ब्राउझरने आपण होऊन स्वीकारू नयेत अशी शिफारस होती. नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट या दोघांच्याही ब्राउझरांनी ती मानली नाही. त्यानंतर दोन तपे लोटली तेव्हा कोठे स्थिती पालटू लागली. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० पासून तृतीय-पक्ष कुकी सरसकट अडविल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक स्थळासाठी कुकींचा वेगळा डबा ठेवण्याची पद्धत सर्वांस लागू केली. म्हणजे ठेकेदार तोच असला तरी दर देवळापाशी त्याने निराळाच बिल्ला दिला पाहिजे. गूगलने जानेवारी २०२० मध्ये क्रोममधून या कुकी दोन वर्षांत हद्दपार करण्याची घोषणा केली, ती वेळोवेळी पुढे ढकलली, आणि एप्रिल २०२५ मध्ये आहे तीच व्यवस्था ठेवण्याचे जाहीर केले. जाहिरातींवर चालणारी कंपनी व ब्राउझर पुरविणारी कंपनी एकच असल्यावर याहून वेगळे काही घडणे कठीण होते.

युरोपात या प्रश्नाचे उत्तर कायद्याने शोधले गेले. वापरणाऱ्याच्या यंत्रावर अत्यावश्यक नसलेले काही ठेवावयाचे तर आधी त्याची संमती हवी, हे तत्त्व २००९ च्या दुरुस्तीने तेथे आले; पानाच्या तळाची पट्टी हे त्याचेच अपत्य. पुढे संमती म्हणजे काय, यावर न्यायालयांस बोलावे लागले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने ‘प्लॅनेट ४९’ या जर्मन कंपनीच्या प्रकरणात निर्णय दिला की, आधीच खूण करून ठेवलेली चौकट वाचकाने तशीच राहू दिली म्हणून त्याने संमती दिली असे होत नाही. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या नियामक संस्थेने गूगलला पंधरा कोटी व फेसबुकला सहा कोटी युरोंचा दंड जाहीर केला. स्वीकारण्यास एकदा बटण दाबणे पुरत होते आणि नाकारण्यास अनेकदा, हा त्यांचा दोष.

भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. संमतीविषयीच्या तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी अंमलात आणण्याचे ठरले. कुकीच्या द्वारे जमणारी माहिती व्यक्तीशी जोडता येण्याजोगी असेल तर तीही या अधिनियमाच्या कक्षेत येते. संमती मुक्त, विशिष्ट, जाणीवपूर्वक, बिनशर्त व निःसंदिग्ध असावी, आणि ती मागे घेणे हे देण्याइतकेच सुलभ असावे, असे त्यात म्हटले आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तरतूद मात्र निराळी आहे : संमतीची मागणी इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय वापरणाऱ्यास असली पाहिजे. अर्थात् मराठी माणसाची संमती मराठी वाक्यावर अवलंबून राहणार आहे, आणि ते वाक्य कोणीतरी लिहावयाचे आहे.

या दृष्टीने ‘स्वीकारा’ या शब्दाकडे पाहावे. इंग्रजीत ‘ॲक्सेप्ट’ हे रूप आज्ञार्थीही असते व नुसते क्रियेचे नावही असते. मराठीत क्रियापदाचे रूप निश्चित करावेच लागते, आणि भाषांतरकार बहुधा आज्ञार्थ निवडतात. त्यामुळे बटणावरचे वाक्य स्थळाने वाचकास केलेली सूचना ठरते. ‘रांगेत उभे राहा’ या पाटीच्या जातीचे. ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापासून आपण जाणतो की, वचन, शपथ, संमती या बोलण्यानेच घडणाऱ्या कृती बोलणाऱ्याच्या प्रथमपुरुषी उक्तीने पार पडतात. येथे कृती वाचकाची आणि वाक्य दुसऱ्याचे, असा विपर्यास होतो. ‘मी स्वीकारतो’ असे लिहावे तर ‘स्वीकारते’ म्हणणारीचे काय, हा लिंगाचा प्रश्न उभा राहतो. परंतु मराठीने याची सोय केव्हाच करून ठेवली आहे : ‘मला मान्य आहे’. ही रचना प्रथमपुरुषी आहे, लिंगनिरपेक्ष आहे, आणि तिचा नकारही तितकाच सरळ आहे : ‘मला मान्य नाही’. दोन बटणांवर ही दोन वाक्ये शेजारी शेजारी, सारख्याच आकारात असावीत. ‘आवश्यक कुकी’ या शब्दप्रयोगासही ‘कोणास आवश्यक’ हे पुढे जोडल्याखेरीज अर्थ येत नाही. खात्यात प्रवेश टिकविणारी कुकी वाचकास आवश्यक. जाहिरातीचे उत्पन्न मोजणारी स्थळचालकास.

अशी वाक्ये येतील तेव्हा येतील. तोवर वाचकाच्या हाती काय आहे, ते सांगतो. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये गोपनीयता व सुरक्षा या विभागात तृतीय-पक्ष कुकी अडविण्याचा पर्याय आहे. तो एकदा निवडला की ठेकेदाराच्या वहीतील बराचसा भाग कोरा राहतो, आणि बहुतेक स्थळे पूर्ववत् चालतात. क्वचित एखादे पैसे भरण्याचे किंवा दुसऱ्या खात्याने प्रवेश देणारे पान अडते, त्या स्थळापुरती सवलत देता येते. पत्त्याच्या डाव्या बाजूस असलेले चिन्ह दाबले असता त्या पानाशी निगडित कुकींची यादी पाहता येते व त्या पुसताही येतात. एका मराठी वृत्तस्थळाचे पान उघडून प्रस्तुत लेखकाने वर्गात ही यादी दाखविली, तेव्हा तीतील बहुसंख्य नावे वर्गातील कोणीही कधी ऐकलेली नव्हती. सरसकट सर्व कुकी पुसल्या तर सगळ्या खात्यांतून आपण बाहेर पडतो. म्हणून फायरफॉक्समधील पर्याय अधिक सोयीचा वाटतो. त्यात ब्राउझर बंद करताना सर्व कुकी पुसावयास सांगून नेहमीची दोनचार स्थळे अपवाद म्हणून ठेवता येतात. खाजगी खिडकीतील कुकी ती बंद होताच जातात. पण त्या खिडकीत आपण अदृश्य होतो हा समज चुकीचा आहे. ज्या खात्यात प्रवेश केला ते खाते आपणास तेथेही ओळखतेच.

या उपायांच्या मर्यादाही आहेत. गूगल ॲनालिटिक्ससारखी मोजणीची साधने आपली कुकी भेट दिलेल्या स्थळाच्याच नावाने ठेवतात, त्यामुळे परक्या कुकी अडविल्या तरी ती राहते. शिवाय पडद्याचा आकार, टंक, भाषा यांसारख्या वैशिष्ट्यांवरून कुकीवाचूनही ब्राउझर ओळखण्याच्या रीती आहेत. आणि पट्टीवर ‘नाकारा’ हे बटण दाबल्यावर आपला तो नकार स्थळाच्या लक्षात राहावा, यासाठीही बहुधा एक कुकीच ठेवली जाते. सर्व कुकी पुसल्या की तीही जाते, आणि पुढल्या खेपेस तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो.