६४० केबीच्या पलीकडची भांडणं

१९९३ च्या सुमारास चांगला पीसी म्हणजे ४८६ प्रोसेसर आणि चार मेगाबाइट मेमरी. त्यावर हौसेने नवा गेम टाकावा, तो सुरू करावा आणि पडद्यावर उत्तर यावं की मेमरी पुरेशी नाही, हा त्या काळातला नेहमीचा प्रकार होता. चार हजार केबी जवळ असलेलं मशीन सहाशे केबीसाठी अडून बसायचं. डॉसवरच्या बहुतेक प्रोग्रॅमना मेमरी लागायची ती पहिल्या ६४० केबीतलीच. तिथे खुद्द डॉस, माउसचा ड्रायव्हर, सीडी-रॉमचा ड्रायव्हर आणि नेटवर्कचे ड्रायव्हर आधीच मुक्काम ठोकून असत.

ही हद्द १९८१ सालीच आखली गेली होती. आयबीएमने आपल्या पीसीसाठी इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर निवडला. त्याला पत्त्यासाठी २० वाहिन्या होत्या, म्हणजे त्याला एकूण एक मेगाबाइट मेमरी दिसू शकत होती. त्यातली खालची ६४० केबी प्रोग्रॅमसाठी ठेवली गेली आणि वरची ३८४ केबी व्हिडिओ, बायॉस आणि पुढेमागे बसवल्या जाणाऱ्या कार्डांसाठी राखून ठेवली गेली. त्या वेळी पीसीचं सर्वांत स्वस्त मॉडेल १६ केबी मेमरीसह विकलं जात होतं. त्याच्या चाळीसपट जागा प्रोग्रॅमना मोकळी ठेवणाऱ्या अभियंत्यांना आखूडदृष्टीचे म्हणणं अन्यायाचं आहे.

अडचण उभी केली ती पीसीच्या यशाने. लोटस १-२-३ वर हिशेब मांडणाऱ्यांचे तक्ते दोन-तीन वर्षांतच मेमरीच्या भिंतीला टेकले. १९८५ मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ‘एक्स्पांडेड मेमरी’ची पद्धत बसवली. राखीव भागात ६४ केबीची एक खिडकी उघडायची आणि वेगळ्या कार्डावरची मेमरी १६-१६ केबीच्या पानांनी तिच्यातून आतबाहेर करायची, अशी ती योजना होती. दरम्यान १९८४ च्या आयबीएम एटीमध्ये ८०२८६ आला होता. तो १६ मेगाबाइटपर्यंत पोहोचू शकत होता, पण डॉस मात्र जुन्याच पद्धतीने चालत राहिला. एक मेगाबाइटच्या वरच्या या मेमरीचं नाव पडलं ‘एक्स्टेंडेड’. दोन नावांतल्या एवढ्याशा फरकाने किती लोकांना चुकीची मेमरी विकत घ्यायला लावली असेल!

खरी उलथापालथ ३८६ ने केली. हा प्रोसेसर मेमरीचे ४ केबीचे तुकडे करून कुठलाही तुकडा कुठल्याही पत्त्यावर दाखवू शकत होता. क्वार्टरडेकचा क्यूईएमएम आणि क्वालिटासचा ३८६मॅक्स हे मेमरी मॅनेजर याच जोरावर उभे राहिले. राखीव ३८४ केबीत कार्डांनी न वापरलेले पत्ते हुडकायचे, तिथे वरची मेमरी आणून बसवायची आणि ड्रायव्हर तिकडे हलवायचे, हे त्यांचं काम. १९९० मध्ये डीआर-डॉस ५ ने ही सोय थेट डॉसमध्येच आणली. जून १९९१ मध्ये एमएस-डॉस ५ आला आणि त्याच्यासोबत हायमेम.सिस आणि ईएमएम३८६ या मेमरी सांभाळणाऱ्या फाइली लाखो टेबलांवर पोहोचल्या. भांडणंही तिथूनच घरोघर पोहोचली.

भांडणाचं मूळ एका साध्या प्रश्नात होतं: अमुक पत्ता रिकामा आहे, हे ठरवायचं कसं? कार्डावर रॉम असेल तर ती ५५ आणि एए या दोन बाइटांनी सुरू होते. ती खूण दिसली की मॅनेजर तिथून बाजूला होई. पण प्रत्येक कार्ड अशी खूण लावून बसत नव्हतं. वेस्टर्न डिजिटलच्या ८००३ मालिकेतल्या इथरनेट कार्डावर स्वतःची छोटी मेमरी असे आणि ती बरेचदा डी००० या पत्त्यावर लावलेली असे. नेटवर्कचा ड्रायव्हर सुरू होईपर्यंत ती गप्प. मॅनेजरला जागा मोकळी दिसे, तो तिथे माउसचा ड्रायव्हर नेऊन ठेवी. मशीन सुरळीत सुरू होई, वर्ड प्रोसेसर चाले, आणि नेटवर्कवर लॉगिन करताक्षणी सगळं गोठून जाई. किंवा ईएमएम३८६ चा एरर नंबर १२ वा १३ चा संदेश झळके आणि मशीन पुन्हा सुरू करण्यावाचून गत्यंतर नसे.

उपाय एका ओळीचा होता. डॉस सुरू होताना वाचतो त्या कॉन्फिग.सिस फाइलीत ईएमएम३८६ च्या ओळीला ‘एक्स=डी०००-डी१एफएफ’ एवढं जोडलं की ती ८ केबी जागा वगळली जाई. कस लागे तो ती जागा शोधण्यात. कार्डाबरोबरचा कागद हरवलेला, जंपर कुणी कसे बसवले ते माहीत नाही, अशा वेळी अनुभवी माणसं आधी ए००० ते एफएफएफएफ सगळाच भाग वगळत. मशीन नीट चाललं, तर दोष याच भागात आहे हे पक्कं. मग निम्मा भाग परत द्यायचा, मशीन सुरू करायचं, पुन्हा निम्मा. दर वेळी मेमरी मोजली जाण्याची वाट पाहायची. विंडोज ३.१ साठी याचंच झटपट रूप होतं: ‘विन /डी:एक्स’. क्यूईएमएमसोबतचा मॅनिफेस्ट हा प्रोग्रॅम तर त्याहून चतुर. ३८६ प्रत्येक ४ केबीच्या पानाला कुणी हात लावला का याची नोंद ठेवतो. मॅनिफेस्ट ती नोंद वाचून पहिल्या मेगाबाइटचा नकाशाच समोर मांडी. निदानाची इतकी सुंदर साधनं त्या काळात फार थोडी होती.

काही तक्रारी मात्र संदेशावर विश्वास ठेवला तर सुटतच नसत. ‘पॅक्ड फाइल इज करप्ट’ हा संदेश त्यांतला सर्वांत फसवा. लोक फ्लॉपी बदलत, प्रोग्रॅम पुन्हा टाकत, डिस्क तपासत. फाइलला काहीही झालेलं नसे. ८०८८ वर एक मेगाबाइटच्या पुढचा पत्ता मागितला की तो वळसा घेऊन शून्यावर येई. एक्झेपॅक या साधनाने आवळलेले प्रोग्रॅम उलगडताना नकळत या वळशावर विसंबून असत. हे अगदी तळाच्या ६४ केबीत उतरल्यावरच घडे, आणि तिथे तर पूर्वी नेहमी डॉस असायचा. एमएस-डॉस ५ चा मोठा भाग वर गेला, तळ मोकळा झाला आणि वर्षानुवर्षं लपून राहिलेली चूक उघडी पडली. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी लोडफिक्स हा आदेशच दिला. तो प्रोग्रॅमला ६४ केबीच्या वर नेऊन ठेवतो, बाकी काही करत नाही.

तो वळसा जपण्यासाठी आयबीएमने एटीमध्ये एकविसाव्या वाहिनीवर, म्हणजे ए२० वर, एक फाटक बसवलं होतं आणि त्याची कळ चक्क कीबोर्डच्या कंट्रोलर चिपकडे दिली होती. इतर कंपन्यांनी हे काम आपापल्या पद्धतीने केलं. म्हणून हायमेमला ‘/मशीन’ लिहून पुढे आपल्या संगणकाचा क्रमांक सांगावा लागे. तो चुकला तर ए२० वाहिनी ताब्यात येत नाही, असा संदेश येई आणि पुढचं सगळंच अडे.

सर्वांत धोक्याचं भांडण डिस्कशी होतं. अडॅप्टेकच्या १५४२ सारखी स्कझी कार्डं प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहीत. प्रोग्रॅम सांगे डी००० चा पत्ता. खरी मेमरी असे मेगाबाइटच्या वर कुठेतरी, कारण मॅनेजरने ती तिथून आणून दाखवलेली. कार्डाला ही हातचलाखी ठाऊक नाही. मजकूर भलत्याच जागी पडे किंवा डिस्कवर भलताच मजकूर लिहिला जाई. इथे नुसतं मशीन गोठण्यावर भागत नव्हतं, माणसांचं काम नष्ट होत होतं. स्मार्टड्राइव्ह या डिस्क-कॅश प्रोग्रॅमची ‘डबल बफर’ ही ओळ याच्यावरचा इलाज होता: मजकूर आधी खालच्या ६४० केबीतल्या जागेत घ्यायचा, मग योग्य ठिकाणी पोहोचवायचा.

मार्च १९९३ च्या एमएस-डॉस ६ ने बराच भार हलका केला. सुरू होताना एफ५ दाबला की सगळ्या ओळी टळत, एफ८ दाबला की एकेक ओळ विचारून चाले. ओळीपुढे ‘रेम’ लिहून फाइल साठवत बसण्याची गरज उरली नाही. मेममेकर हा प्रोग्रॅम ड्रायव्हरांची मांडणी स्वतः ठरवी आणि प्रयोगात मशीन अडकलं तर पुढच्या खेपेला सावध मांडणी पुढे करी. तरी एकच मांडणी सर्वांना पुरत नसे. ‘विंग कमांडर’ला एक्स्पांडेड मेमरी मिळाली की त्यात जास्तीची दृश्यं दिसत, तर १९९२ चा ‘अल्टिमा ७’ स्वतःची वेगळी मेमरी व्यवस्था घेऊन आला होता आणि ईएमएम३८६ चालू असेल तर सुरूच होत नव्हता. गंमत म्हणजे हे दोन्ही गेम ओरिजिन या एकाच कंपनीचे. शेवटी लोक गेमगणिक वेगळी बूट फ्लॉपी करून तिच्यावर नाव लिहून ठेवू लागले. डॉस ६ ने कॉन्फिग.सिसमध्येच मेन्यूची सोय दिल्यावर त्या फ्लॉप्यांचा ढीग कमी झाला.

डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या ‘डूम’ने या साऱ्याला बगल दिली. त्याच्यासोबतचा डीओएस/४जीडब्ल्यू हा एक्स्टेंडर प्रोसेसरला सरळ ३२ बिटांच्या पद्धतीत नेई आणि सगळी मेमरी एकसंध मिळे. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं, बहुतेक ड्रायव्हर ३२ बिटांचे झाले आणि ६४० केबीतली जागा मोजण्याचं कारण उरलं नाही. क्वार्टरडेकने क्यूईएमएम ९७ पर्यंत धीर धरला. १९९८ मध्ये सिमँटेकने ती कंपनी विकत घेतली. ए२० चं फाटक त्यानंतरही पुष्कळ वर्षं प्रोसेसरांत टिकलं. फ्रीडॉस वापरणारे आजही जेईएमएम३८६ नावाचा मेमरी मॅनेजर वापरतात, आणि कार्डाचा पत्ता वगळायचा असेल तर त्यालाही ‘एक्स=’ असंच लिहून सांगावं लागतं.